सस्पेन्शन, पण निलंबन नव्हे

सस्पेन्शन या शब्दाला शासकीय मराठीत निलंबन म्हणतात, आणि ज्याने जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली त्याला हा शब्द ऐकला की आधी चौकशी समिती आठवते. त्यामुळे नातू फोनवर कुणाला तरी "सस्पेन्शन वर घ्यायचंय, घरीच करतो" असे सांगत होता तेव्हा माझे कान टवकारले. मोटारीच्या सस्पेन्शनला आपल्याकडे खरे तर शब्द होते. टांग्याला आणि ट्रकला असतात ते कमानपाटे. मोटारसायकलला असतो तो शॉकअप. बैलगाडीला यातले काहीच नसायचे. तिथे सस्पेन्शन म्हणजे खाली अंथरलेला कडबा आणि बसणाऱ्याचे हाड!

तर मंडळी, विषय नातवाच्या गाडीचा. गाडी जुनी, दुसऱ्याच्या हातची. आधीचा मालक हौशी. त्याने कंपनीच्या स्प्रिंगा काढून तिला 'कॉइलओव्हर' नावाचा प्रकार बसवला आणि गाडी जमिनीलगत आणली. मूळ स्प्रिंगा कुठे गेल्या ते त्याचे त्यालाच ठाऊक. नातवाला ही बसकी गाडी फार देखणी वाटे. मला ती पोटावर सरपटणाऱ्या घोरपडीसारखी दिसे, पण तरुण मुलाच्या हौशीवर आपण बोलू नये. शिवाय आमचा भाग पडला गाड्यांचा. वाळूजला १९८५ पासून बजाज, तिथेच मोटारसायकलींचे शॉकअप बनवणारा एंड्युरन्स, २००१ पासून शेंद्र्याला स्कोडा. माझे निम्मे विद्यार्थी कुठल्या ना कुठल्या यंत्रापुढे उभे राहून निवृत्तीला आले. आमच्या चितेगावात व्हिडिओकॉनचा कारखाना होता. त्याचा पत्ताच मुळी 'औरंगाबाद-पैठण रोड, १४ किलोमीटरचा दगड' असा असे. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, दगडाचा पत्ता लोकांच्या तोंडात राहिला.

अडचण सुरू झाली ती आषाढात. आमची सौ. न्हाणीघरात पडली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया होऊन नवा सांधा बसला. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावून सांगितले, बसताना गुडघे खुब्याच्या वर जाता कामा नयेत, कंबरेतून काटकोनापेक्षा जास्त वाकायचे नाही, नाहीतर सांधा निखळण्याची भीती. घरातल्या खुर्च्या आम्ही ठोकळे लावून उंच केल्या. पण व्यायामासाठी शहरात जायचे तर गाडी हवी, आणि घरची गाडी ही अशी! तिच्यात बसायचे म्हणजे विहिरीत उतरणे. पहिल्या खेपेला कसेबसे बसवले, उतरताना ती इतकी कळवळली की नातवाचा चेहरा पांढरा पडला. दुसऱ्या खेपेला शेजाऱ्यांची जीप मागितली, तर तिची पायरी उंच. तिसऱ्या खेपेला "अहो, नकोच ते, मी घरीच करते व्यायाम" असे म्हणून ती भिंतीकडे तोंड करून झोपली. घरी व्यायाम काही होत नव्हता. चालणे पलंग ते न्हाणीघर एवढेच उरले होते, आणि या वयात जे एकदा उरते ते तेवढेच राहते, हे मला आणि तिला दोघांनाही कळत होते. बोललो मात्र कुणीच नाही.

नातवानेच एके दिवशी टेप आणला. आजी ज्या खुर्चीतून विनासायास उठते ती जमिनीपासून ४९ सेंटीमीटर निघाली. गाडीची बैठक ४५. "आजोबा, चार सेंटीमीटरचा प्रश्न आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, उशी ठेवू. तर म्हणे जाड उशी ठेवली की डोके छताला लागते आणि आत शिरताना मान वाकवावी लागते. गाडीच वर घ्यायची.

आता हे यंत्र काय असते ते सांगतो. मी बी.ए.चा माणूस, पण समजले ते साधे आहे. शॉकअपच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात. त्या आट्यांवर दोन कडी. वरच्या कड्यावर स्प्रिंग बसते, खालचे कडे वरच्याला जाम धरून ठेवते. वरचे कडे फिरवून वर नेले की स्प्रिंगचे आसन वर जाते आणि स्प्रिंगच्या डोक्यावर टेकलेली गाडीही वर जाते. मला वाटले होते की कडे वर नेल्याने स्प्रिंग आवळली जाऊन गाडी कडक होईल, आजीला हिसके बसतील. नातू म्हणाला, नाही. गाडीचे वजन तेवढेच, मग स्प्रिंग तेवढीच दबणार. तिथे मला आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर आठवले. ताणकाट्याला वजने अडकवून ते मुलांना हूकचा नियम दाखवत, जेवढे बळ तेवढा ताण. या रॉबर्ट हूकने १६७६ साली आपला नियम उघड न सांगता अक्षरे वर्णानुक्रमे लावून कोड्यासारखा छापला होता आणि दोन वर्षांनी त्याची फोड केली. भाषेच्या मास्तराला आवडावी अशीच गोष्ट! असो.

रविवारी सकाळी काम निघाले. अंगणातली शहाबादी फरशी सपाट आहे का हे पाहायला तांब्याभर पाणी ओतून ते कुठे वाहते ते पाहिले. मग चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कमानीपर्यंतची मापे घेतली. ती लिहायचे काम माझे. पुढे ३३९ आणि ३४१ मिलिमीटर, मागे ३४४ दोन्हीकडे. चाकांना दगड लावले, नट जमिनीवर असतानाच सैल केले, जॅक दिला आणि खाली लोखंडी घोडी ठेवली. काढलेले चाकही त्याने गाडीखाली आडवे सरकवले. "घोडी घसरलीच तर गाडी चाकावर बसेल, माझ्यावर नाही." हे ऐकून मला बरे वाटले. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरणारे बहाद्दर आपण पाहतोच.

आट्यांमध्ये आमच्या काळ्या मातीचा चिखल सुकून दगड झालेला. तारेच्या ब्रशने तासभर तेच. मग हुकासारखा पाना घालून खालचे कडे सैल केले. एक फेरा म्हणजे दोन मिलिमीटर, हवेत छत्तीस, म्हणजे अठरा फेरे. कड्यावर खूण करायला त्याला काही सापडेना, तेव्हा मी कपाटातला खडू आणून दिला. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी खडू कामी आला! तो फिरवायचा, मी मोजायचो. सोळाव्या फेऱ्याला ओट्यावरून आवाज आला, "पंधरा झालेत." सौ. वॉकर धरून दारात उभी होती. पलंगावरून दारापर्यंत ती आपणहून आली होती, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आले. आम्ही तिचाच आकडा धरला आणि पुढे मोजले.

गाडी खाली टेकवली तर माप एकदम साठ मिलिमीटरने वाढलेले! मी हबकलो. नातू हसला. जॅकवरून उतरताना टायर आत ओढलेले राहतात, फरशीला धरून बसतात, म्हणून गाडी खोटी उंच दिसते. ती चार-सहा वेळा पुढेमागे ढकलली, बोनेटवर भार देऊन दाबली, तेव्हा बसली. पुढे एका बाजूला ३७५, दुसऱ्या बाजूला ३७९. एका बाजूला एक फेरा जास्त झाला होता. ती कोणती बाजू ते मी लिहीत नाही, कारण सौ. हा ब्लॉग वाचते. मागचे प्रकरण जरा निराळे. तिथे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे, आणि स्प्रिंग चाकापासून आत, त्यामुळे कडे दहा मिलिमीटर सरकले की गाडी बारा उचलते. ते त्रैराशिक मी केले.

मी म्हटलं, एवढे करतोसच तर पन्नास घे. तर नाही म्हणाला. गाडी जितकी वर, तितका शॉकअपचा दट्ट्या आधीच बाहेर आलेला. मग खड्ड्यात चाक खाली जायला जागा उरत नाही, प्रत्येक खड्ड्याला ठणका बसतो. बेताचेच बरे. कायद्याचेही एक आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठासून सांगितले आहे. माझे मत विचाराल तर जुन्या बाजारातून मूळ स्प्रिंगा शोधून त्याच बसवाव्यात. नातू "बघू" म्हणतो. त्याच्या पिढीच्या 'बघू'चा अर्थ मला कळतो.

गाडी वर घेतली की कामे संपत नाहीत. चाकांचे कोन बदलतात, म्हणून सोमवारी पैठण रोडवर अलाइनमेंट करून आणली. दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ लागतो, तोही खाली घेतला. थोडे अंतर चालवून कडी पुन्हा तपासायची असतात. रस्त्यातल्या गतिरोधकांना आता पोट घासत नाही, हा वरचा फायदा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितला आहे. आमच्याकडचे काही पाहिले तर गावकऱ्यांनी रात्रीतून बांध घातल्यासारखे वाटतात.

बैठक भरली साडेअठ्ठेचाळीस. वर अर्ध्या सेंटीमीटरची घडीची सतरंजी. मंगळवारी सौ. आधी पाठमोरी टेकली, मग एकेक पाय आत घेतला, हात कुणाचाच नाही. शहरात पोचल्यावर उतरलीही तशीच. परतीच्या वाटेवर बिडकीनच्या फाट्यापर्यंत नेऊन आण म्हणाली, उगाच. आम्ही गेलो. तिथे तिने पेरू घेतले, खाली उतरून, हातात घेऊन, भाव करून. नातू गाडीपाशी उभा होता, पण त्याचे लक्ष आजीकडे नव्हते. तो वाकून पुढच्या चाकावरची मोकळी जागा पाहत होता. बसकी गाडी त्याला अजून आवडते. घरी आल्यावर मापांचा कागद त्याने माझ्याकडून मागून घेतला आणि गाडीच्या पुस्तकात ठेवला, चारही जुन्या आकड्यांसकट.