रेघ कोठे तोडावी?

मोटार शर्यतींशी आमचा काय संबंध, असे वाचक बंधुभगिनी विचारतील. संबंध नातवामुळे आला. एका शनिवारी शब्बाथ संपल्यावर तो १९८८ सालच्या फॉर्म्युला वन शर्यतींचे निकाल घेऊन आमच्यापाशी बसला. ब्राझीलचा सेना श्रेष्ठ की फ्रान्सचा प्रॉस्ट, हे त्यास ठरवावयाचे होते. दोघेही मॅक्लॅरेन संघाचे, दोघांची गाडी एकाच बनावटीची, आणि १६ पैकी १५ शर्यती याच दोघांनी जिंकलेल्या. तुलनेस याहून सोयीचे वर्ष कोठले!

आम्ही चौकटीच्या वहीचा कागद घेतला. आडव्या रेघेवर शर्यती, उभ्या रेघेवर गुणांची बेरीज. सेना निळा, प्रॉस्ट तांबडा. पहिल्यास ९ गुण, दुसऱ्यास ६, असा तेव्हाचा हिशेब. तांबडी रेघ आरंभापासून वर. हंगेरीस दोघे ६६ वर भेटतात, बेल्जियमला निळी ३ गुणांनी पुढे सरते, पोर्तुगालपासून तांबडी पुन्हा वर. अखेर प्रॉस्ट १०५, सेना ९४. तरी अजिंक्यपद सेनाचे! कारण नियमाने उत्तम ११ निकालच धरावयाचे. प्रॉस्टचे तीन दुसरे क्रमांक, म्हणजे १८ गुण, वाया गेले व ९० विरुद्ध ८७ झाले. १९९१ पासून सर्व निकाल धरू लागले, पण त्याचा प्रॉस्टला काय उपयोग?

मग आम्ही क्रमांकांची रेघ काढू लागलो. मोनाकोत सेना बराच पुढे असता एकटाच कठड्यावर आदळला. तेथे क्रमांक कोणता मांडावा? नातवाने सर्वांत खालचे घर दाखविले. ते ठीक, चूक त्याची होती. सिल्व्हरस्टोनला भर पावसात प्रॉस्टने आपण होऊन गाडी बाहेर काढली, तेही ठीक. पण माँझास प्रॉस्टचे इंजिन बिघडले, तेथेही तेच घर? आमची पेन्सिल थांबली.

पूर्वी एका कारखान्यात आम्ही व आमचे एक स्नेही शेजारशेजारच्या लेथवर काम करीत असू. कोणी किती नग काढले याचा तक्ता फोरमनने भिंतीवर लावला होता. सुटा भाग वेळेवर न आल्याने आमचे यंत्र नऊ दिवस बंद राहिले आणि तक्त्यावर नऊ शून्ये पडली. वरची श्रेणी स्नेह्यास मिळाली. त्यात त्याचा दोष काहीच नव्हता. तरीही आम्ही दोन वर्षे त्याच्याशी बोललो नाही. त्याच्या मुलीच्या मेंदीसही गेलो नाही. ते आज लिहितानाही लाज वाटते.

नातवास आम्ही सांगितले, यंत्राने दगा दिला तेथे रेघ तोडावयाची. खाली न्यावयाची नाही. त्याने लगेच ब्राझीलवर बोट ठेवले. तेथे सेनाच्या गाडीचा गिअर ऐन वेळी अडकला, त्याने राखीव गाडी घेतली आणि त्यापायी तो अपात्र ठरला. हा दोष यंत्राचा की माणसाचा?

आम्हांस ठरविता येईना. स्नेह्यास फोन लावला. सारी हकीकत ऐकून तो काही वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "ते नऊ दिवस अजून मोजतोस वाटते?"