गेज बदललं की रीडिंग बदलतं

“काकू, तुम्ही गोळ्या घेतच नव्हता.” डॉक्टरांनी विचारलं नाही, सांगून टाकलं. शेजारी सून बसली होती.

मी चाकणच्या गाड्यांच्या कंपन्यांना सुटे भाग देणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये २१ वर्षं इन्स्पेक्शनला होते. पाळी ४७ व्या वर्षी गेली. ५६ व्या वर्षी निगडीतल्या घरी गॅलरी धुताना घसरले आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडतं म्हणून डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन, काढायला सांगितला. कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे २.७ आला, उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. अलेन्ड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली, आठवड्यातून एकदा.

ही गोळी म्हणजे एक व्रतच आहे. रविवारी सकाळी सहाला, अनशा पोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका जळते. चहासुद्धा नाही. सगळं घर झोपलेलं असायचं आणि मी गॅलरीत उभी. असे १०४ रविवार काढले. गावाला गेले तरी पट्टी पर्समध्ये असायची.

दोन वर्षांनी पुन्हा डेक्सा करायचा होता. महिला दिनानिमित्त एका सेंटरवर निम्मे पैसे होते, तिथे केला. पहिल्या रिपोर्टात मणक्यांची घनता ०.८५६ होती, आता ०.७१७. डॉक्टरांनी मोबाईलवर भागाकार केला आणि म्हणाले, “सोळा टक्के घट!” त्यानंतर ते वरचं वाक्य. मग रोज पोटावर टोचून घ्यायच्या इंजेक्शनची चिठ्ठी लिहिली. महिन्याचा खर्च ऐकून मुलगा गप्पच झाला.

मी म्हटलं, “घेतल्यात हो मी.” डॉक्टर हसले. “सगळ्याच पेशंट असं म्हणतात.”

घरी आल्यावर सुनेनं काही बोलून दाखवलं नाही. पण रात्री पाणी प्यायला उठले तर ती स्वयंपाकघरात माझा औषधांचा डबा उघडून रिकाम्या पट्ट्या मोजत होती. मला बघून म्हणाली, “एक्स्पायरी बघत होते, आई.”

त्या रात्री झोप नाही. आणि पहाटे, इतक्या उशिरा, डोक्यात आलं की दोन्ही रिपोर्टांवर मशीनच्या कंपन्या वेगळ्या आहेत.

आमच्या इन्स्पेक्शन टेबलावर प्रत्येक मायक्रोमीटरला कॅलिब्रेशनचा स्टिकर असे. सकाळी आधी मास्टर पीस मोजायचा, मग माल. एका गेजचं रीडिंग दुसऱ्याशी ताडून कुणी लॉट रिजेक्ट केला असता, तर सुपरवायझरनं त्यालाच घरी पाठवलं असतं. ज्या बाईनं आयुष्यभर हेच केलं, ती स्वतःच्या मणक्यांच्या वेळी मान खाली घालून बसली. डॉक्टरांपेक्षा याचाच राग जास्त आहे.

पुन्हा पहिल्या सेंटरवर गेले. तिथली टेक्निशियन, पंचविशीची पोरगी, तिनं आधी विचारलं, “मागचा याच मशीनवर केलेला ना?” तिच्या टेबलावर प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात बसवलेले खोटे मणके होते. त्याला ती फँटम म्हणाली. मशीन सरकलंय का बघायला रोज सकाळी तो स्कॅन करते. म्हणजे आमचा मास्टर पीसच की! मागच्या वेळचेच चार मणके धरले, पायांखाली तोच चौकोनी ठोकळा ठेवला. आकडा आला ०.८७१.

म्हणजे वाढलं? नाही. एवढा फरक मोजण्याच्या चुकीतही बसतो, असं तिनंच सांगितलं. ना घट, ना वाढ. पण या वयात, या गोळीवर, हाड आहे तिथे टिकलं तर गोळी काम करतेय असंच धरतात.

आणि हा टी-स्कोअर तरी कुणाशी ताडलेला असतो? खुब्याच्या बाबतीत बहुतेक मशीनवर अमेरिकेतल्या विशीतल्या गोऱ्या बायकांशी. भोसरी-चाकणच्या पत्र्याच्या शेडमध्ये ऊन न बघता पहिली पाळी ते तिसरी पाळी केलेल्या बाईची बरोबरी त्यांच्याशी! असो. उपचार कुठे सुरू करायचे ते ठरवायला काहीतरी रेघ लागते, हेही खरं.

डॉक्टरांना तिन्ही रिपोर्ट दाखवले. “हां, मशीन वेगळं होतं,” म्हणाले आणि इंजेक्शनवर काट मारली. बास, एवढंच. खरं तर निम्म्या पैशांच्या मोहात मशीन मीच बदललं होतं, त्यांनी नाही. पण वाचायचं काम त्यांचं होतं.

बायांनो, रिपोर्ट हातात आला की आधी मशीनचं नाव बघा, मग आकडा. जुना कागद फेकू नका. सवलत साड्यांवर घ्या.

सून आता दर रविवारी विचारते, “आई, गोळी झाली?” काळजीनंच विचारते, मला कळतं. तरी मी रिकामी पट्टी ओट्यावर, तिला दिसेल अशी ठेवते.