ब्लॅकपूलचे पाणी

समुद्राशी माझा पहिला संबंध आला तो सरकारी. 1986 साली वलसाड जिल्ह्यात माझी नेमणूक झाली, तेव्हा समुद्र म्हणजे भरती-ओहोटीचे तक्ते, वादळाचे बिनतारी संदेश, किनाऱ्यावरची गावे रिकामी करण्याचे हुकूम आणि मागाहून नुकसानीचे पंचनामे, एवढेच मला ठाऊक होते. काळसर रेतीचा तिथलचा किनारा वलसाड गावापासून जेमतेम पाच किलोमीटर. माझी पत्नी माहेरची इंदूरची. सिरपूरच्या तलावाहून मोठे पाणी तिने पाहिले नव्हते. लग्नानंतर तिने मागितलेल्या मोजक्या गोष्टींत ‘एकदा निवांत समुद्रावर जाऊ’ ही एक होती. ‘पुढच्या रविवारी’ हे माझे उत्तर तीन वर्षे पुरले. अखेर तिने तिथल पाहिले ते सरकारी जीपमध्ये बसून, मी एक पंचनामा आटोपीपर्यंत. मुलगी मांडीवर झोपलेली, त्यामुळे ती खाली उतरलीही नाही. पुढे गोधरा, भरूच, पालनपूर, गांधीनगर अशा बदल्या होत गेल्या आणि समुद्र मागे राहिला.

तो पुन्हा भेटला तीस वर्षांनी. 2016 मध्ये मी निवृत्त झालो आणि ऑगस्टमध्ये आम्ही दोघे मुलीकडे बोल्टनला गेलो. उत्तर इंग्लंडातील हे जुने कापडगिरण्यांचे गाव. मुलीने आल्या आल्या जाहीर केले, “आईला मी समुद्र दाखवणार आहे. बाबा, तुमचा पुढचा रविवार आता मी ठरवते.” आणि तिने आम्हा दोघांना दोन रात्रींसाठी ब्लॅकपूलला पाठवून दिले.

इंग्रजी कादंबऱ्या वाचून मनाशी बाळगलेला समुद्रकिनारा आणि ब्लॅकपूल यांचा काडीचाही संबंध नव्हता. किनाऱ्याला समांतर जाणारा लांबलचक रस्ता, त्यावरून धावणाऱ्या ट्राम, 1894 साली आयफेल टॉवरच्या धर्तीवर उभारलेला 158 मीटर उंचीचा लोखंडी मनोरा आणि समुद्रात घुसलेले एक सोडून तीन पिअर, म्हणजे खांबांवर उभे केलेले लाकडी सज्जेच. येथवर ठीक होते. पण रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला नाणी गिळणाऱ्या यंत्रांचा खणखणाट, व्हिनेगरचा आणि तळणाचा वास, भविष्य सांगणाऱ्या बायकांच्या टपऱ्या, आरपार गावाचे नाव उमटवलेल्या गुलाबी साखरेच्या कांड्या आणि दुपारपासूनच झिंगलेली तरुण पोरे. वर वारा असा की उघडलेली छत्री उलटी होऊन हातात राहावी. आपली गणपतीतली जत्रा कुणी थंडगार वाऱ्यात नेऊन मांडावी, तसे ते दृश्य होते. माझ्या कपाळावर पहिली आठी तिथेच पडली.

दुसरी पडली ती जेवणाच्या वेळी. बटाट्याच्या गरम तळलेल्या फोडी पाहून आम्ही रांगेत उभे राहिलो. सवयीने मी कशात तळता म्हणून विचारले, तेव्हा दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितले की बैलाच्या चरबीत. उत्तरेकडे हीच रीत आहे. आम्ही निमूटपणे बाहेर येऊन बाकावर बसलो आणि पत्नीने पिशवीतून मेथीचे ठेपले काढले. पहिला घास घेतो न घेतो तोच एक पांढराधोट सीगल पक्षी माझ्या खांद्यावरून झेपावला आणि हातातला ठेपला घेऊन पसार झाला. ती इतकी हसली, की शेजारच्या बाकावरचे वृद्ध जोडपेही कारण कळल्यावर हसू लागले. मी हसलो नाही. मला माझ्या ठेपल्याचे नव्हे, प्रतिष्ठेचे वाईट वाटले होते.

उतरण्याची जागा म्हणजे मागच्या गल्लीतले अरुंद जिन्याचे घर. दारात उभ्या असलेल्या मालकीणबाईंनी स्वागताऐवजी नियम सांगितले. न्याहारी नऊला बंद, रात्री अकरानंतर गरम पाणी नाही, रेती घेऊन आत यायचे नाही. एवढा तुसडा स्वर मी सचिवालयातही ऐकला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी न्याहारीला आम्ही मांस आणि अंडी खात नाही असे कळताच त्याच बाई आत गेल्या आणि वेगळी कढई घासून तीत टोमॅटो व अळंबी परतून घेऊन आल्या. नंतर माझ्या पत्नीसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि दोघींचा गुडघेदुखीवर अर्धा तास संवाद झाला. एकीला मराठी-गुजराती येई, दुसरीला त्या भागातली ठसकेबाज इंग्रजी. पण गुडघ्यांना भाषेची अडचण आली नाही.

त्या दिवशी तिने सगळे पाहिले. मनोऱ्याखालच्या झुंबरांच्या नृत्यशाळेत ऑर्गनच्या सुरांवर सत्तरी-ऐंशीतली जोडपी हात धरून नाचत होती. ती तासभर चहाचा कप हातात धरून त्यांच्याकडे पाहत बसली. वाळूवर मुलांना फिरवणारी गाढवे पाहिली. त्या गाढवांसाठी तिथल्या पालिकेने नियम केले आहेत: कामाचे तास ठरलेले, दुपारी तासभर विश्रांती आणि शुक्रवारी साप्ताहिक सुट्टी. मी कौतुकाने हे तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, “म्हणजे तुमच्यापेक्षा बरे.” तेवढे खरे होते म्हणून मी गप्प राहिलो.

संध्याकाळी ओहोटी लागली. तिथे ओहोटीला पाणी खूप दूर जाते आणि ओल्या वाळूचा विस्तीर्ण आरसा मागे राहतो. तिने बूट काढले, मोजे काढून बुटांत खोचले, साडी घोट्यापर्यंत उचलून धरली आणि चालत चालत थेट पाण्यात जाऊन उभी राहिली. मी कोटाची बटणे लावून काठावर थांबलो होतो. एका लाटेने तिच्या निऱ्या भिजल्या, तशी ती लहान मुलीसारखी ओरडली आणि मागे वळून मला हाक मारू लागली, “अहो, या ना!” आजूबाजूच्या चार-दोन माणसांनी वळून पाहिले. आणि मी, तीस वर्षे हुकूम देऊन घडलेल्या आवाजात, म्हणालो, “पुरे आता. लोक पाहताहेत. वय काय आपले!”

ती बाहेर आली. पदराने पाय पुसले, मोजे चढवले. “चला,” एवढेच म्हणाली.

आम्ही न बोलता नॉर्थ पिअरवर गेलो. 1863 साली बांधलेला हा तिन्हींतला सर्वांत जुना. बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. पांढरी दाढी, डोक्यावर लोकरी टोपी. तिची साडी पाहून त्यांनी गुजरातीत विचारले, “कया गामना?” बडोद्याचे म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. ते भरूचजवळच्या एका खेड्याचे निघाले. त्या तालुक्यात मी तीन वर्षे काढली होती. त्यांच्या गावच्या तलावाचा बांध माझ्या सहीने दुरुस्त झाला होता. मग काय, समुद्राकडे पाठ करून आम्ही नर्मदेवर बोलत बसलो.

साठीच्या दशकात ते बोल्टनच्या गिरणीत रात्रपाळीला लागले. “आमच्या शेतातला कापूस आधी आला, साहेब, मागून आम्ही,” ते म्हणाले. वर्षातून एकदा गिरणी बंद होई आणि सगळे गाव आगगाडीने ब्लॅकपूलला लोटे. पहिल्या वर्षी तेही सोबत्यांबरोबर आले. खिडकीत ‘खोल्या आहेत’ अशी पाटी असलेल्या घरांची दारे त्यांनी ठोठावली. दार उघडून, चेहरा पाहून, प्रत्येक ठिकाणी आताच भरल्या म्हणून सांगण्यात आले. शेवटच्या गाडीने ते परत गेले. “मग पुढच्या वर्षी?” मी विचारले. “पुढच्या वर्षीही आलो. दर वर्षी आलो. रात्र नाही मिळाली, पण दिवस तर मिळत होता. पुढे बायको आली. ती तर पाण्यातून बाहेरच येत नसे. मी बूट सांभाळत बसायचो.” माझी पत्नी हसली, माझ्याकडे न पाहता, समुद्राकडे पाहून.

बोल्टनला परतल्यावर मी तिथल्या ग्रंथालयात जाऊन बसू लागलो. निवृत्त माणसाला पश्चात्तापापेक्षा वाचन सोपे जाते. भरूचच्या कापसाला मुंबईच्या बाजारात त्याच्याच नावाने भाव निघत असे, हे मला ठाऊक होते. पण अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 1865 मध्ये, तिकडचा कापूस बंद पडल्यावर आपल्याकडचा आखूड धाग्याचा कापूस लँकेशायरच्या मागांवर चढला आणि तो सारखा तुटतो म्हणून तिथल्या विणकरांनी त्याला शिव्या घातल्या, हे तिथे वाचले. ब्लॅकपूलपर्यंत आगगाडी 1846 मध्ये पोहोचली. प्रत्येक गिरणीगावाचा सुट्टीचा आठवडा वेगळा असल्याने ब्लॅकपूलचा हंगाम लांबत गेला. ही सुट्टी बहुतेकांना बिनपगारी होती. पगारी रजेचा कायदा झाला तो 1938 मध्ये. तोवर माणसे वर्षभर दर आठवड्याला काही पेन्स क्लबात टाकून सात दिवसांची बेगमी करीत. पुष्कळ जण शिधा स्वतः आणून घरमालकिणीकडून शिजवून घेत. काही मालकिणी टेबलावरच्या मीठ-मिऱ्याच्या वापराचेही पैसे लावीत, असे सांगतात.

म्हणजे ज्या गोंगाटाला मी नाके मुरडली, तो एकावन्न आठवडे यंत्रांच्या खडखडाटात गेलेल्या माणसांनी बावन्नाव्या का होईना, पण स्वतःच्या मर्जीने निवडलेला होता. पुढे स्पेनची विमाने स्वस्त झाली, गिरण्या बंद पडल्या, आणि गावाची रया गेली. 2019 च्या सरकारी पाहणीत इंग्लंडमधील सर्वाधिक वंचित वस्त्यांपैकी कित्येक ब्लॅकपूलमध्ये निघाल्या. त्या तुसड्या मालकीणबाई कशाच्या आधारावर घर चालवीत होत्या, याचा विचार मी तिथे असताना केला नव्हता.

दुसऱ्यांदा, 2018 च्या जूनमध्ये, लंडनला माझ्या भाच्याकडे गेलो असता आम्ही ब्रायटनला गेलो. मराठी माणसाने ब्रायटनला का जावे, हे सांगावे लागत नाही. 1909 मध्ये सावरकरांना ‘सागरास’ ही कविता स्फुरली ती याच किनाऱ्यावर. मंगेशकर भावंडांच्या आवाजात ती ऐकत आमची पिढी वाढली. तिथे वाळू नाही; मुठीएवढे गुळगुळीत गोटे आहेत आणि लाट मागे सरताना ते एकमेकांवर घासून खळखळतात. चाल मनात होती आणि ताल ते गोटे धरत होते. माझे डोळे भरून आले, हे कबूल करायला संकोच वाटत नाही.

याच गावात गांधीजी विद्यार्थिदशेत आले होते. हॉटेलातला फ्रेंच भाषेतला खाद्यपदार्थांचा तक्ता त्यांना कळेना, तेव्हा शेजारच्या एका वृद्ध बाईने कशात मांस नाही ते सांगितले, असे त्यांच्या आत्मकथेत आहे. मला वेगळी कढई घासणाऱ्या मालकीणबाई आठवल्या. राजपुत्राने विलासासाठी बांधलेल्या, मोगली घुमटांच्या पॅव्हिलियनमध्ये 1914 पासून जखमी हिंदी सैनिकांचे रुग्णालय होते. मृत हिंदू व शीख सैनिकांपैकी 53 जणांचे दहन गावामागच्या टेकडीवर झाले. त्या जागी 1921 पासून संगमरवरी छत्री उभी आहे. समुद्र ओलांडून परत जाण्याची ओढ त्यांनाही असेल. त्यांच्यासाठी आपण पुरेसे गायलो नाही, असे वाटून गेले.

त्या दुपारी ऊन चांगले होते. मी तिला म्हणालो, “चल, पाण्यात जाऊ. मी येतो बरोबर.” दोन वर्षे हे वाक्य मी मनात जुळवून ठेवले होते.

“नको,” ती म्हणाली. “गोटे टोचतात.” आणि बाकावर बसूनच समुद्र पाहत राहिली. रागाचा लवलेशही नव्हता. गोटे टोचत होते हेही खरे. पण मला जे समजायचे ते समजले. त्या वेळीही मी क्षमा मागितली नाही. आमच्या पिढीच्या पुरुषांना नवरा-बायकोत तसे काही बोलायचे असते हेच माहीत नव्हते, अशी स्वतःची समजूत घातली.

2021 च्या एप्रिलमध्ये, त्या भयंकर लाटेत, ती गेली. इस्पितळात मला आत जाता आले नाही.

2023 च्या ऑक्टोबरमध्ये मुलीने मला पुन्हा ब्लॅकपूलला नेले. 1879 मध्ये तिथे आठ विजेचे दिवे लावून लोकांना थक्क केले होते. तीच परंपरा वाढत जाऊन आता शरद ऋतूत किनाऱ्यावर मैलोगणती रोषणाई होते. ती रोषणाई मी पाहिली आणि या खेपेस एकही आठी पडली नाही. यंत्रांचा खणखणाट होता, तळणाचा वास होता, वारा होता. ते घर मात्र बंद होते. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. नॉर्थ पिअरवरच्या बाकावर दुसरेच कुणी बसले होते.

उजेड होता तोवर सात वर्षांची नात वाळूत खेळत होती. ती पाण्याकडे धावली आणि मागे वळून ओरडली, “आजोबा, या ना!” मी बूट काढले, मोजे त्यांत खोचले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि गेलो. कुणी पाहत होते की नाही, ते मी पाहिले नाही.

पहिली लाट पायावर आली आणि मस्तकापर्यंत कळ गेली. ऑगस्टातही ते काही फारसे ऊबदार नसणार. ती त्या पाण्यात कितीतरी वेळ उभी होती. इतके थंड असते, हे ती मला कधीच बोलली नव्हती.