उजेडाचा वाटा

मराठीच्या प्राध्यापकानं संध्याकाळी काय करावं, याविषयी लोकांच्या कल्पना फार ठाम असतात. त्यानं कविता कराव्यात, निदान दुसऱ्याच्या कवितांवर टीका तरी करावी. मी तारा जोडत बसतो. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या चिमुकल्या वस्तूंनी माझ्या टेबलाचा खण भरलेला आहे. त्यातली माझी सर्वांत लाडकी म्हणजे ५५५ नावाची, आठ पायांची आयसी. हान्स कामेनझिंड या मूळच्या स्विस गृहस्थांनी ती १९७१ साली अमेरिकेत रचली. विजेच्या दुनियेत तेव्हापासून केवढी उलथापालथ झाली, पण हा किडा अजून ठाण मांडून आहे!

या वर्षी त्याला कामाला लावायची वेळ आली. आईला ऐकू येईनासं झालं. घंटा वाजवून वाजवून माणसं परत जात. म्हणून ती दुपारभर दाराशी खुर्ची टाकून बसू लागली. पाठ टेकायची नाही, हातात काही घ्यायचं नाही. घंटेबरोबर तिच्या खोलीत दिवा लुकलुकावा, असं मी ठरवलं.

५५५ चं काम हौदासारखं आहे. रेझिस्टरांतून कपॅसिटर भरत जातो. पुरवठ्याच्या दोन तृतीयांश व्होल्टेजला पोचला की रिकामा होऊ लागतो, एक तृतीयांशावर उतरला की पुन्हा भरू लागतो. भरताना दिवा पेटलेला, रिकामा होताना विझलेला. १० आणि ६८ किलोओहमचे रेझिस्टर व १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, की सेकंदाला सुमारे एक फेरा होतो.

पण गंमत अशी, की भरताना वीज दोन्ही रेझिस्टरांतून जाते आणि रिकामं होताना एकातूनच. त्यामुळे उजेड नेहमी अंधाराहून जास्त! शिवाय एक रेझिस्टर बदलावा, तर उजेडाचा वाटाही हलतो आणि लयही.

यावर तोड म्हणजे दोन डायोड आणि एक फिरवायचं बटण. डायोड वीज एकाच दिशेनं सोडतो. म्हणून भरण्याची वाट बटणाच्या एका बाजूनं, रिकामं होण्याची दुसऱ्या. बटण फिरवावं तसं एकाचं घटतं तेवढंच दुसऱ्याचं वाढतं. फेरा तेवढाच राहतो. वर्गात मी मात्रावृत्त शिकवतो, त्यातला प्रकार हाच. ओळीच्या मात्रा ठरलेल्या, लघु-गुरूंची वाटणी कवीच्या मर्जीची.

ते बटण मी आईच्याच हाती दिलं. उजेड जास्त ठेवला, तेव्हा ती म्हणाली, "अरे, ट्यूब बिघडल्यासारखी वाटते." निम्मानिम्म केला, तर नुसती बघत राहिली. मग तिनंच बटण फिरवत नेलं. उजेड पाव वाटा, बाकी अंधार.

"हं," ती म्हणाली, "आता कुणीतरी हाक मारतंय."

दारावर मी चिठ्ठी लावली आहे, 'बटण जरा दाबून धरावे.' दाराशी आता खुर्ची नसते. दुपारी आई आपल्या खोलीत दिवाळीच्या वाती वळत बसते, आणि मधूनच उठून दार उघडते.