भूक आणि घास

आमचा भुऱ्या ताटलीपाशी येतो, कोथिंबिरीची काडी तोंडात धरतो आणि सोडून देतो. पुन्हा धरतो, पुन्हा सोडतो. भूकच मेली असती तर आम्ही समजू शकलो असतो; इथे भूक जिवंत आहे, घास मात्र आत जात नाही.

गिनिपिगचे दात आयुष्यभर वाढतात. दाढा फार वाढल्या की जीभ त्यांच्याखाली अडकते. डॉक्टरांनी भूल देऊन तोंड तपासले, एक्स-रे काढला. दाढा ठीक निघाल्या. 'क' जीवनसत्त्व झाले, वेदनाशामक झाले. कारण सापडले नाही. उपाशी राहिल्यास या प्राण्याचे आतडे मंदावते आणि तेच जिवावर बेतते. म्हणून आम्ही आळीपाळीने रात्री उठतो, गवताच्या भुकटीची पातळ पेज सिरिंजने भरवतो आणि रोज सकाळी त्याचे वजन करतो. ९०० ग्रॅमचा जीव ७४० वर आला आहे.

१८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सिद्ध केला, त्या प्रयोगांत गिनिपिग होते. १९०७ साली नॉर्वेत हॉल्स्ट आणि फ्रॉलिक यांनी नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनिपिगांत स्कर्व्हीसारखा आजार दाखवला. माणसाने आपली दुखणी त्याच्या अंगावर वाचली. त्याचे दुखणे वाचायची वेळ आली, तेव्हा आमच्या हाती उरला तो स्वयंपाकघरातला वजनकाटा.

आज सकाळी ७४६ भरले. ते सहा ग्रॅम रात्रीच्या पेजेचेच असणार, हे कळत असूनही आम्ही तो आकडा एकमेकांना दोनदा वाचून दाखवला.