पी हळद, हो गोरी

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

आमच्या घरच्या फडताळात औषधे दोन भाषांत राहतात. आजी ज्याला काढा म्हणते त्याला आई कषाय म्हणते. आजीची गुळवेल ती आईची अमृतबळ्ळी, आजीचा आवळा तो आईचा नेल्लिकायी, आणि आजीची हळद ते आईचे अरिशिण. आईचे माहेर बैलहोंगलकडचे, कन्नड. आजी शहापुरात जन्मली आणि शहापुरातच सासरी आली. आमटीत गूळ किती घालावा याबद्दल दोघींचे गेल्या बावीस वर्षांत एकमत झालेले नाही. पण खोकणाऱ्या माणसाला काय पाजावे याबद्दल मात्र दोघींचा एकच पक्ष असतो. अडुळशाची पाने, आले, मिरी आणि वरून मध. अडुळशाला कन्नडमध्ये 'आडुमुट्टद गिड' असेही एक नाव आहे, म्हणजे शेळी ज्याला तोंड लावीत नाही ते झाड. शेळीने जे नाकारले ते आम्ही भावंडांनी लहानपणी मुकाट्याने गिळले आहे.

हे सारे हसण्यावारी नेण्याचा माझा विचार नाही. अडुळशात व्हॅसिसीन नावाचे द्रव्य आहे. त्याच्या रचनेवरून पुढे ब्रोमहेक्झीन हे औषध तयार झाले आणि छातीतला कफ सुटावा म्हणून ते आजही खोकल्याच्या बाटलीत घालतात. बद्धकोष्ठावर इसबगोलाचा भुसा डॉक्टरही लिहून देतात. अट एवढीच की बरोबर भरपूर पाणी हवे. मळमळीवर आल्याचा गुण तपासून पाहिलेला आहे. आणि सर्वांत मोठे उदाहरण मीठ-साखरेचे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते रोग्यांना पाजण्याची व्यवस्था केली. आतड्यात साखरेबरोबर मीठ आणि मिठाबरोबर पाणी शोषले जाते, एवढ्या साध्या तत्त्वावर असंख्य जीव वाचले. तेव्हा स्वयंपाकघरातल्या डब्यात औषध असू शकत नाही असे म्हणण्याचे धाडस निदान मी तरी करणार नाही.

पण हल्ली स्वयंपाकघरातला डबा मागे पडला आहे आणि दुकानातला डबा पुढे आला आहे. माझ्या मामांचे किराणा आणि काष्ठौषधींचे दुकान आहे. सुट्टीत मी तिथे वही लिहायला बसते. पूर्वी खेड्यातली एखादी म्हातारी येऊन "तंगी, अमृतबळ्ळी ऐती एन?" असे विचारी आणि वाळलेल्या कांड्या कागदात बांधून नेई. आता तिचा नातू येतो आणि मोबाईलवर चित्र दाखवून कॅप्सूल मागतो. केस गळण्यावर, झोप न येण्यावर, गुडघ्यांवर, परीक्षेच्या धास्तीवर, प्रत्येकावर वेगळी बाटली. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीतल्या पेवांत हळद साठवीत असत हे पुष्कळांना ठाऊक असेल. तसे या बाटल्यांचे जणू पेवच फुटले आहे.

वाणिज्य शाखेत शिकल्याने एक खोड लागते. कोणतीही वस्तू हाती आली की तिचा हिशोब मांडावासा वाटतो. मी हळदीचा मांडून पाहिला. हळदीत कर्क्युमिन हे द्रव्य साधारण शेकडा तीन असते. म्हणजे चहाच्या एका चमच्यात, तीन ग्रॅम हळद धरली तर, नव्वद मिलिग्रॅम. अर्काच्या एका कॅप्सूलमध्ये ते पावणेपाचशे मिलिग्रॅमपर्यंत असते. एका घोटात पाच चमचे हळद! शिवाय पुष्कळ कॅप्सूलांत मिऱ्यांतले पायपरीन घातलेले असते. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातील संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले की पायपरीनमुळे माणसाच्या रक्तात कर्क्युमिन वीस पटींनी अधिक उतरते. ही झाली जाहिरातीची बाजू. पण जे पायपरीन कर्क्युमिनला आत शिरू देते ते इतर काही गोळ्यांचेही रक्तातले प्रमाण वाढवू शकते. माझी आजी हृदयासाठी रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेते. तिच्या डॉक्टरांनी स्पष्ट बजावले आहे की आमटीतली हळद खुशाल खा, पण हळदीची कॅप्सूल मला विचारल्याशिवाय तोंडात घालू नका. पदार्थ तोच, मात्रा बदलली की त्याचे नातेही बदलते. आत्या चार दिवस राहायला आली तर पाहुणी, चार महिने राहिली तर घरचा कारभार तिच्या हाती जातो, तसेच हे.

आता जे सांगायचे म्हणून हा लेख लिहायला घेतला ते सांगते. गेल्या वर्षी माझी आई थकू लागली. जिना चढताना मध्येच थांबे, तव्यावर भाकरी असताना खाली बसे. निवडायला घेतलेले कच्चे तांदूळ ती येता-जाता तोंडात टाकी. आम्हांला ती गंमत वाटे. अंगातले लोह कमी झाले की माणसाला असे भलते डोहाळे लागतात हे पुढे डॉक्टरांनी सांगितले. त्याच सुमारास गल्लीतल्या ओळखीच्या एका बाईंनी तिला शक्तिवर्धक पुडीचा डबा दिला. बावीस वनस्पती, अकरा जीवनसत्त्वे, शिवाय लोह. एक डबा महिनाभराचा, किंमत १,८५० रुपये. आईने भिशीच्या पैशांतून असे तीन डबे घेतले. थकवा हटला नाही. उलट पाय सुजू लागले तेव्हा बाबांनी तिला सरकारी दवाखान्यात नेले. हिमोग्लोबिन निघाले ८.२. बायकांत ते बारा तरी असावे लागते. तपासणीत गर्भाशयात गाठ आढळली. बायका घरात ज्याविषयी बोलत नाहीत असा रक्तस्राव तिला वर्षभर होत होता.

डॉक्टरांनी गाठीवर उपचार सुरू केले आणि लोहाची गोळी दिवसातून दोनदा सांगितली. सरकारी गोळी, फुकट. एका गोळीत साठ मिलिग्रॅम लोह. मी घरी येऊन तो डबा पालथा करून वाचला. एका दिवसाच्या पुडीत लोह होते सहा मिलिग्रॅम. म्हणजे दहा दिवसांची पुडी बरोबर एक गोळी. एक डबा बरोबर तीन गोळ्या. ५,५५० रुपये मोजून आईच्या पोटात गेलेले लोह नऊ गोळ्यांचे, म्हणजे दवाखान्यातल्या साडेचार दिवसांच्या औषधाइतके. आणि डब्याच्या तळाशी, मुंगीने लिहावे तशा अक्षरांत, इंग्रजीत छापले होते की हे औषधी वापरासाठी नाही. कायद्यानेच ते छापावे लागते. कंपनीने कायदा पाळला होता, बाईंनी शब्द पाळला होता, आणि माझी आई जिन्यात बसली होती.

त्या बाईंचा मला पहिल्यांदा फार राग आला. मग कळले की साखळी पद्धतीने माल विकणाऱ्या त्या कंपनीचे न खपलेले सात डबे त्यांच्याच पलंगाखाली पडून आहेत. त्यानंतर मी आईला विचारले, "तू आधी दवाखान्यात का गेली नाहीस?" ती कन्नडमध्ये एवढेच म्हणाली की तिथे सगळे सांगावे लागते. हे उत्तर माझ्या मनातून जात नाही. डबा विकत घेताना काहीच सांगावे लागत नाही. नाव नको, वय नको, कपडे बाजूला सारणे नको. पैसे द्यावेत आणि गप्प राहावे. या साऱ्या व्यापारात खरी विकली जाते ती गप्प राहण्याची सोय, आणि तिची गरज ज्यांना बोलता येत नाही त्यांनाच सर्वांत जास्त असते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या सत्तावन्न स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. एवढ्या जणींचे मौन म्हणजे केवढी मोठी बाजारपेठ!

गंमत अशी की जी गोळी आईच्या उपयोगी पडली तिचीच निळी बहीण शाळेत आम्हांला दर आठवड्याला मिळत असे. साठ मिलिग्रॅम लोह आणि बरोबर फॉलिक ॲसिड. शी काळी होते, मळमळते, असे म्हणून वर्गातल्या कित्येक मुली ती खिडकीबाहेर फेकीत. फुकट मिळाले त्याला मोल नाही आणि ज्याचे मोल दिले त्याचा गुण यायलाच हवा, असा आपला हिशोब असतो. अर्थशास्त्राच्या तासाला किंमत आणि मूल्य यांतला फरक आम्ही परीक्षेपुरता पाठ करतो. मला तो त्या निळ्या गोळीने समजावला.

डॉक्टरांनी आईला आणखी एक गोष्ट सांगितली. गोळीनंतर लगेच चहा नको, लिंबू किंवा आवळा चालेल. चहाने लोह शोषले जात नाही, आंबटातल्या क जीवनसत्त्वाने चांगले शोषले जाते. आजी लगेच म्हणाली, "म्हणजे पथ्य आहे म्हणा की!" आणि तिचा त्या गोळीवर विश्वास बसला. पथ्य हा शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये एकच आहे, अर्थही एकच. आजीच्या बटव्यातल्या प्रत्येक औषधाला पथ्य असे: कोणी घ्यावे, कधी घ्यावे, कोणी शिवूही नये. आयुर्वेदाने पांडुरोगावर लोहभस्म आणि मंडूर सांगितले आहे ते वैद्याने रोग्याची नाडी पाहून मात्रा ठरवावी म्हणून. बाजारातल्या नव्या डब्याने बटव्यातली पाने घेतली, पण पथ्य तेवढे बटव्यातच सोडले. "पूर्णपणे नैसर्गिक, कोणताही अपाय नाही." ज्याने कधीच अपाय होत नाही त्याने कधी उपाय तरी होईल काय?

गुळवेलीचेच पाहा. करोनाच्या दिवसांत ती घरोघर उकळली गेली. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने उत्तर दिले की ती वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, याची आधी ओळख पटायला हवी होती. हा वाद तज्ज्ञांचा आहे. परंतु मंत्रालयाचेच म्हणणे खरे धरले तरी आपल्या हातातल्या बाटलीत नेमकी कोणती वेल आहे हे आपण कशावरून ओळखणार?

कोणी म्हणेल, ही मुलगी चार इंग्रजी पुस्तके वाचून आपल्याच परंपरेवर उलटली. वाचकहो, तसे नाही. १९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम भरण्याच्या गुणावर एका विद्यापीठाला पेटंट मिळाले. त्याला आव्हान दिले गेले तेव्हा गोव्याच्या माशेल गावी जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुढे ठेवले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. आपण तिथे अभिमानाच्या जोरावर जिंकलो नाही, लेखी पुराव्यावर जिंकलो. परक्याकडे जो पुरावा मागितला तो घरच्या विक्रेत्याकडे मागायला लाज का वाटावी? पारंपरिक औषधांवर काम करणारी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था आपल्या बेळगावातच आहे. बटवा तपासून घेणे हा बटव्याचा अपमान नव्हे.

पाच महिन्यांनी आईचे हिमोग्लोबिन ११.९ झाले. लोहाचा साठा भरून यावा म्हणून गोळ्या आणखी काही महिने चालू आहेत. सणावारी आजी अळिवाचे लाडू करते, आई नाचणीची आंबील करते, आणि डॉक्टरांची त्याला मुळीच हरकत नाही. ते अन्न आहे, औषधाचा आव ते आणीत नाही.

मामांनी आता गल्ल्यापाशी एक पाटी लावली आहे. मजकूर माझा, अक्षर माझ्या कन्नड शाळेत शिकलेल्या मामेभावाचे. वर मराठी, खाली कन्नड. तीनच प्रश्न आहेत. यात काय आहे? किती आहे? तुमचे दुसरे कोणते औषध चालू आहे का? पाटी लावल्यापासून कॅप्सूलांचा खप थोडा उतरला आहे, हे वही मीच लिहीत असल्याने मला ठाऊक आहे. पण परवा गोकाककडची एक बाई पाटी वाचून थांबली. काही न घेता तिने मला हळूच बाजूला बोलावले आणि आधी तिच्या थकव्याविषयी, मग ज्याविषयी बायका बोलत नाहीत त्याविषयी सांगू लागली. मी तिला दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागाची वेळ लिहून दिली. त्या चिठ्ठीचे वहीत कुठे नाव लिहावे हे मात्र मला अजून कोणत्याही हिशोबाच्या पुस्तकात सापडलेले नाही.