एका मुठीची गोष्ट

आमच्या कचेरीत भाषांतरासाठी येणाऱ्या लेखांना विषयाचे बंधन नसते. आज भातावरील कीड, उद्या उपग्रह, तर परवा बालसंगोपन! दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी दाढीच्या रेझरविषयीचा लेख माझ्या टेबलावर आला, तेव्हा शेजारचे सहकारी मिस्कीलपणे हसले. बाईमाणसाला यातले काय कळणार, असा त्या हसण्याचा भाव होता.

लेख मात्र उद्बोधक होता. किंग कँप जिलेट या अमेरिकन गृहस्थाने १९०३ साली आपला सेफ्टी रेझर विक्रीस आणला. पाते बोथट झाले की टाकून द्यावे, मूठ मात्र वर्षानुवर्षे वापरावी, ही त्याची कल्पना. पुढे १९७१ साली दोन पाती एकत्र बसवलेले कार्ट्रिज आले. जुन्या रेझरमध्ये पाते गालाशी किती कलते धरावे, हे मनगटाला ठरवावे लागे. कार्ट्रिजमध्ये तो कोन कारखान्यातच ठरून येतो. मग मुठीकडे कामे उरतात दोनच : एका टोकाला कार्ट्रिज घट्ट धरणे आणि दुसऱ्या टोकाला माणसाच्या हातात नीट बसणे.

त्यातील एक हकीकत मला विशेष आवडली. भारतासाठी काढलेला एक रेझर जिलेट कंपनीने आधी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना वापरावयास दिला. त्यांना तो पसंत पडला. पण इकडे पुष्कळ लोक जमिनीवर बसून, पेलाभर पाण्यात दाढी उरकतात. वाहत्या नळावाचून पात्यांत अडकलेले केस निघेनात! मग कंपनीची माणसे घरोघरी जाऊन बसली, पाहू लागली. त्यातून २०१० साली एकाच पात्याचा, सहज धुतला जाणारा, हलक्या मुठीचा रेझर निघाला. त्याची किंमत १५ रुपये होती आणि कार्ट्रिजची ५ रुपये.

हा लेख छापून आला आणि मी तो विसरूनही गेले. त्याच वर्षी सावंतवाडीस अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. मी रजा घेऊन दिल्लीहून घरी गेले. जिवावरचे निभावले होते, पण उजव्या हाताची बोटे पुरती मिटेनात. भात चमच्याने खाणे त्यांनी पत्करले. दाढीचा प्रश्न मात्र सुटेना. चाळीस वर्षे शाळेत शिकवलेला हा माणूस एक दिवसही दाढी वाढवून घराबाहेर पडलेला नव्हता. न्हाव्याला बोलावू का, म्हटले तर मान फिरवीत. मी पुढे झाले, तर म्हणाले, “नको बाय, लेकीकडून नको.” पितळी रेझर त्यांच्या हाती देण्याची आम्हाला भीती वाटे. म्हणून मी कार्ट्रिजचा एक रेझर आणून दिला. त्याची बोटाएवढी बारीक मूठ त्यांच्या हातातून निसटून दोनदा तांब्यात पडली. तिसऱ्यांदा त्यांनी ती उचलली नाही. त्या दिवसापासून ओसरीवर येऊन बसणेही त्यांनी सोडले.

तो रेझर घेऊन मी चितारआळीत गेले. तेथे लाकडी खेळणी कातणाऱ्या एका वृद्ध कारागिराला म्हटले, “याला जाड मूठ बसवून द्याल का?” त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि विचारले, “हात कुठे आहे?”

मी वरमले. परक्या देशातील माणसे घरोघरी जाऊन हात पाहून आली, हे मीच मराठीत लिहिले होते. आणि घरातला हात मी अजून नीट पाहिला नव्हता.

घरी येऊन कणीक घट्ट मळली, रेझरच्या मुठीभोवती थापली आणि अण्णांना म्हटले, “धरा बघू.” बोटे जेथपर्यंत मिटत, तेथपर्यंतचा ठसा कणकेत उमटला. तो ठसा सुकण्याआधीच मी चितारआळीत नेला. कारागिरांनी त्या मापाची मूठ कातली, लाखेचा हात दिला. प्लॅस्टिकच्या मुठीची मान कापून लाकडात बसवली. मात्र कार्ट्रिज सोडवण्याची कळ बाहेर राहील इतकी मान त्यांनी शिल्लक ठेवली.

पहिली मूठ फसली. साबणाच्या हाताने ती गोलगोल फिरे आणि पाते कोणीकडे आहे, हे अण्णांना कळेना. तेव्हा तिची एक बाजू कानशीने सपाट केली. अंगठा तेथे टेकला की पात्याची दिशा आपोआप समजे. खालच्या टोकाला फुगवटा ठेवला, म्हणजे हात सैल पडला तरी मूठ निसटणार नाही. कार्ट्रिज बाजारातलेच, बदलायला सोपे. डाव्या अंगठ्याने कळ दाबायला अण्णा दोन दिवसांत शिकले.

रजेच्या शेवटच्या सकाळी त्यांनी आरसा मागून घेतला आणि दार लोटून घेतले. अर्ध्या तासाने बाहेर आले ते धुतलेला सदरा घालून, थेट ओसरीवर. हनुवटीखाली एक पांढरा पट्टा तसाच राहिला होता. आईने माझ्याकडे पाहिले, मी आईकडे. दोघीही काही बोललो नाही.

कार्ट्रिज लाखो गालांसाठी एकाच साच्यातून काढता येते. मूठ करायची, तर मात्र आधी हात पाहावा लागतो.